काचेवरची काळी रेघ

टाकवे गावाजवळच्या एका वस्तीवर एक संशोधक पुण्याहून दर आठवड्याला येतात. तिथल्या विहिरीच्या पाण्यात शिसं आहे. ते काढण्यासाठी त्यांनी भाताच्या तुसाच्या कोळशावर लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण बसवून काळी पूड तयार केली आहे. शिसं पुडीला चिकटतं, पाणी पुढे जातं. बातमीच्या निमित्ताने मी त्यांना अनेकदा भेटलो. प्रत्येक वाक्याला ते एक शब्द जोडतात. "शिसं निघतंय, आत्तापर्यंत." वस्तीवर त्यांचं नावच 'आत्तापर्यंत सर' पडलं आहे.

गाळणीची टाकी विहिरीशेजारी राहणाऱ्या मावशींच्या ओट्यावर आहे. हे पाणी प्यायचं की नाही, हे सर मी मागच्या वेळी गेलो त्या दिवशी सांगणार होते. होकार मिळाला, की मावशींचं खालच्या नळावरून हंडे वाहणं थांबणार होतं. पाहुण्यांना पाणी द्यायचं म्हणून त्यांनी तेच गाळलेलं पाणी पुढे केलं. सरांनी ते काचेच्या बाटलीत ओतलं, बाहेरून चुंबक लावलं आणि वाट पाहिली. काचेच्या आत केसाएवढी काळी रेघ जमली. पूड पाण्यात उतरत होती.

"शिसं दिसत न्हवतं तवा पीत हुतो," मावशी म्हणाल्या. "आन आता तुमचं काळं दिसलं तर नगं म्हणताय व्हय?"

"माझं आहे, म्हणूनच नको म्हणतोय."

त्यांनी टाकीची तोटी काढून पिशवीत टाकली. मावशींनी हंडा उचलला.

"मग चला सर. दुसरा तुमी घ्या."

सरांनी बुटाच्या नाड्या आवळल्या आणि हंडा घेतला.