वीतभर वात

दुष्काळात सगळ्यांच्या विहिरी आटल्या आणि आमच्या ह्यांचं काम वाढलं. हे विहिरीत सुरुंग लावायचे. खडकात भोकं पाडून दारू भरायची, वात पेटवायची आणि दोराला धरून वर यायचं. लोकांना पाण्याची आस, मला ह्यांच्या जिवाचा घोर. धडाका ऐकू आला की तव्यावरची भाकरी परतायची राहून जायची.

त्यात मागच्या आठवड्यात एक सुरुंग उडलाच नाही. ह्यांचा घडीचा चाकू बोथट झालेला, त्यानं वात कापली नाही, चेंगरली. बराच वेळ थांबून हे पुन्हा खाली उतरले. वर काठावर उभ्या उभ्या माझ्या तोंडचं पाणी पळालं.

म्हणून भूमच्या बाजारातनं नवा चाकू आणायला मीच निघाले. ह्यांनी बजावलं होतं, घडी ढिली नको, पातं डुगडुगायला नको आणि वात एका दाबात तुटली पाहिजे. आजचा दिवस जुनाच दगडावर घासून भागवतो म्हणाले. हे तोंड धुवायला गेले तसं माझ्या डोक्यात आलं, कापून बघायला वातच नको का? खुंटीवरच्या वेटोळ्यातली वीतभर विळ्यानं तोडली आणि पिशवीत टाकली. लई शहाणी मी!

बाजारात चकचकीत मुठीचे चाकू ढिगानं होते. एकाची घडी झुलायची, दुसऱ्याचं पातं बोटानं वाकायचं. शेवटी एका म्हाताऱ्या लोहाराकडं गेले. त्याचा चाकू काळपट, ओबडधोबड, पण उघडला की जागचा हलेना. हातावरचे केस काढून दाखवतो म्हणाला. केसांचं काय घेऊन बसलात, असं म्हणत मी त्याच्या पेटल्या भट्टीशेजारीच वात पुढं केली.

म्हाताऱ्यानं ती हिसकावली, लांब नेऊन कापली. काप स्वच्छ आला. मग माझ्याकडं बघत म्हणाला, "पोरी, ही आणलीस ते मालकाला ठावं हाय का?"

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. आज चार भोकं भरायची होती. हे प्रत्येकाला वात मोजून लावायचे, कारण वर यायला किती वेळ मिळणार ते त्या लांबीवर. वीत कमी म्हणजे तेवढा वेळ कमी.

चाकू कमरेला खोचला आणि एसटीची वाट न बघता रस्त्यानं पळत सुटले. शिवारात शिरताना तीन धडाके ऐकले. चौथा काही केल्या होईना. मी पळतच राहिले.

विहिरीवर पोचले तर हे काठावर बसलेले, धड, अंगावर नुसती धूळ. मी मटकन खाली बसले. ह्यांचा चेहरा मात्र पार उतरला होता. चौथ्या भोकाला वात वीतभर कमी भरली, म्हणून ते रिकामंच सोडलं म्हणाले. काल सांजच्याला स्वतः मोजून ठेवली होती.

"आजवर माप चुकलं न्हाय माझं," हे म्हणाले. "आता माझाच मला भरवसा न्हाय. उद्यापासनं हे काम बंद."

लग्न झाल्यापासून हेच ऐकायला मी तरसले होते. माप त्यांचं चुकलं नव्हतं, हे मला एका वाक्यात सांगता आलं असतं. मी त्यांचा हात हातात घेतला.

"व्हय," मी म्हटलं, "बंदच करा."