खिडकीची जागा

"थांबा, चहा टाकते," असं कुणी म्हणालं की अजूनही माझं डोकं फिरतं.

आमच्या ह्यांची फुप्फुसं वाळत चालली होती. आणे पठारावर सारा जन्म मेंढरांमागं पळालेला माणूस, आता अंगणातल्या नळापर्यंत गेला तरी धापा टाकायचा. फुप्फुस बदलता येईल का ते बघू, पण आधी तपासायला या, असं म्हणून चेन्नईच्या डॉक्टरांनी तारीख दिली. ती चुकली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही म्हणाले. रेल्वेचा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून विमान. खांद्याला अडकवायचं ऑक्सिजनचं मशीन, त्याच्या दोन बॅटऱ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं जय्यत तयार होतं. विमानवाल्यांची अट एकच. प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल एवढी बॅटरी भरलेली पाहिजे. घरून निघताना दोन्ही बॅटऱ्या फुल होत्या, मी स्वतः बघितल्या.

पण आमच्याकडं माणूस मोठ्या दवाखान्याला निघाला की वाटेवरच्या सोयऱ्यांना भेटल्याशिवाय जात नाही. आळेफाट्याला ह्यांचा चुलतभाऊ रस्त्यातच उभा. नारायणगावात माझं माहेर, तिथं पोहे. गाडी चालू असली की मशीन गाडीतल्या सॉकेटवर चालायचं, पण त्यावर बॅटरी भरायची नाही. हे उतरून कुणाच्या घरात बसले की बॅटरीवर. मी कानाशी लागून म्हणायची, अवो, भिंतीला प्लग आहे, लावू का? हे डोळे वटारायचे. लोकांचा चहा प्यायचा आन वर लाईटबी मागायची व्हय? इथं जीव चाललाय आणि ह्यांना लाज वाटतेय!

मंचरला ह्यांची थोरली बहीण, अक्का. तिनं ओवाळलं, पाटावर बसवून जेवू घातलं, वर अजून एक पोळी वाढली. भरल्या ताटावरून उठवणार कोण? निघताना तिनं ह्यांच्या तोंडावरून हात फिरवला. मला रडूही आलं आणि तिचा रागही आला. गाडीत बसल्यावर बघितलं तर एक बॅटरी संपलेली आणि दुसरी निम्मी.

पुण्याच्या विमानतळावर काउंटरवरची पोरगी चांगली होती. तिनं वाकून आकडा बघितला. एवढ्यावर बसवता येणार नाही, काउंटर बंद व्हायच्या आत चार्ज करून आणा म्हणाली. एका खांबापाशी प्लग मिळाला. हे तिथंच फरशीवर टेकले. पण मशीन चालू ठेवून बॅटरी भरायची म्हणजे आकडा मेला हलेचना. सगळ्या देवांना हात जोडून झाले.

मग एकाएकी आकडा चढायला लागला. मला हायसं वाटलं. बघते तर ह्यांनी मशीन बंद करून नळी नाकातून काढलेली, मुठीत घट्ट धरलेली. बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यावरचा आकडा खाली खाली चाललेला. ओठ जांभळे पडलेले. इकडं बॅटरी भरत होती आणि तिकडं माझा माणूस रिकामा होत होता.

"नळी लावा," मी म्हणाले.

"भरू दे," ते म्हणाले. "अजून वाईच."

मला दोन्ही आकडे वर हवे होते. मी त्यांची मूठ जोर लावून उघडली, नळी नाकाला लावली, मशीन सुरू केलं. वैऱ्याकडं बघावं तसं ते माझ्याकडं बघत राहिले. बॅटरीचा आकडा पुन्हा अडला. थोड्या वेळानं ती पोरगी स्वतः चालत आली. तिचा चेहरा बघूनच मी बॅग उचलली.

तेवढ्यात अक्काचा फोन. बसला का रं विमानात? ह्यांनी दम जमवला.

"बसलो अक्का. खिडकीची जागा मिळाली."

फोन ठेवून मला म्हणाले, "तिला कळाया नगं. जेवू घातलं म्हनून जन्मभर जळत ऱ्हाईल."

दोन दिवस पुण्यात लॉजवर काढून आम्ही परतलो. चेन्नईवाल्यांनी पुन्हा बोलावलंय, एवढंच सगळ्यांना सांगितलं. पुढची तारीख आली तेव्हा हे नव्हते.

दहाव्याला अक्का रडत रडत येईल त्याला सांगत होती, माझा भाऊ विमानात बसला, खिडकीला बसला. मग माझा हात धरून म्हणाली, "त्या दिशी माज्या हातचं पोटभर जेवून गेला. मी आग्रह केला, तेवढं तरी बरं झालं."

मी व्हय म्हणाले.