दामलेबाईंच्या अमेरिकेतल्या बायका

दामलेबाईंच्या खांद्याला कायम एक खादीची पिशवी असे आणि पिशवीत तीन पुस्तकं. तिन्हींना तपकिरी कागदाची कव्हरं, आणि त्यांवर ना पुस्तकाचं नाव, ना लेखिकेचं. आमच्या डोंबिवलीच्या कॉलेजात बाई अमेरिकन वाङ्मय शिकवायच्या. दर वर्षी एखादी मुलगी परीक्षेच्या धास्तीने विचारायचीच, "मॅडम, अमेरिकन लेखिकांमध्ये सगळ्यात ग्रेट कोण?" बाई चष्म्यावरून बघायच्या. "त्या काय बोर्डात आल्यात, नंबर लावायला? हे घरी ने. वाचून झालं की तूच सांग." मोठं नाव दिसलं की पोरी नावालाच नमस्कार करतात, पुस्तक उघडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

मी तिथेच मराठी शिकवायची. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी, त्यामुळे या परदेशी बायका माझ्याही ओळखीच्या झाल्या. बाई त्यांच्याबद्दल सोसायटीतल्या बायकांबद्दल बोलावं तसं बोलायच्या. खिडकीशी बसून आयुष्य काढलेली कवयित्री, "माणूसघाणी, पण नजर बघ तिची!" श्रीमंतांच्या दिवाणखान्यांवर लिहिणारी, "हिला जेवायला बोलवू नये, घरी जाऊन सगळं लिहून काढेल." मात्र कापसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबलेल्या बायांवर जिने लिहिलं, तिची थट्टा बाईंनी कधी केली नाही. तिची एक कादंबरी मराठीत आणायची, एवढी एकच इच्छा त्यांनी निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवली होती.

सहा वर्षं खपून त्यांनी भाषांतर पुरं केलं. एका प्रकाशकाचा होकारही आला. मानपाडा रोडवरच्या घरी एका दुपारी त्यांनी मला त्यातलं एक प्रकरण वाचून दाखवलं. मालकाने नायिकेचं मूल विकलेलं असतं आणि ती नदीपलीकडच्या, गुलामी नसलेल्या मुलखात पळून जायचं ठरवते, तो प्रसंग. 'माझ्या काळजाचा तुकडा हिरावला गेला, आता या जगण्याला कोणता अर्थ उरला' असा पानभर विलाप. बाईंचं मराठी मुळातच पुणेरी, घासूनपुसून लख्ख. मी मनापासून वाहवा केली.

ठमाबाई लादी पुसत होत्या. मागच्याच आगरी गावातल्या, चौदा वर्षं बाईंकडे कामाला. फडकं पिळता पिळता त्यांनी विचारलं, "ही कोन, बाई?"

बाईंनी थोडक्यात गोष्ट सांगितली.

"तिचा पोर इकला न ती एवरा बोलते?" ठमाबाई म्हणाल्या. "पोर गेल्यावर कोनी एवरा बोलत नाय. माजा पोर खाडीत बुरला, तवा चार दिस तोंडातून सबूद नाय निंगाला. पाचव्या दिशी बोलले, चूल पेटवा."

आणि बादली उचलून त्या मोरीकडे गेल्या.

बाईंनी वही मिटली. "चौदा वर्षं ही माझ्या घरात येते, आणि हिला मुलगा होता हे मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. मला मान वर करवेना. वाहवा मीच केली होती.

पुढच्याच आठवड्यात बाईंनी प्रकाशकाकडून बाड परत मागवलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. रोज तीन वाजता, कामं उरकली की बाई आणि ठमाबाई दोघी मिळून बसायच्या. ठमाबाई खुर्चीवर बसायला तयार होईनात, तेव्हा बाईच दुखरे गुडघे घेऊन जमिनीवर बसल्या. मग मात्र ठमाबाई ओरडल्या आणि दोघी खुर्च्यांवर आल्या. बाई प्रसंग सांगायच्या, ती बाय काय बोलेल ते ठमाबाई सांगायच्या. कितीदा तर "हितं ती काय बोलायची नाय" एवढंच सांगायच्या. पानभर विलापाच्या दोन ओळी झाल्या. पहिल्या पानावर भाषांतरकार म्हणून बाईंनी दोन नावं घातली.

प्रकाशकाने नमुना वाचून कळवलं, ही बोली वाचकांना झेपणार नाही, आधीचंच छापू. एव्हाना बाईंचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केली होती. मी चिडले. "बाई, हातातलं घालवू नका. आता वेळ किती उरलाय तुमच्याकडे?"

"छापून यायची घाई मला आहे गं," नायिकेच्या त्या दोन ओळींवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हिला नाही."

हट्टी बाई! रागाने मी दोन महिने फोन केला नाही, त्याचं वाईट मला आजही वाटतं. त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. शेवटची तीन प्रकरणं तशीच राहिली.

तेरावा झाल्यावर एका दुपारी ठमाबाई कोपर स्टेशनजवळ माझ्या दारात उभ्या. रेल्वेचा पूल ओलांडून, उन्हातून, पत्ता विचारत आलेल्या. हातात कागदांचा गठ्ठा आणि मूळ इंग्रजी पुस्तक. आठवण म्हणून आणलं असेल, असं वाटून मी म्हटलं, "द्या, कपाटात नीट ठेवते."

"कपाटात नको," त्या म्हणाल्या. "बाई तं गेल्या. पन ती बाय आजून जंगलातच हाय. मागं कुत्रे सोरलेत. तिला असी मंधीच टाकून कसा चालंल? फुरचा वाचा." आणि बाईंनी खूण घातलेलं पुढचं पान त्यांनी माझ्यासमोर उघडलं.

माझं इंग्रजी बेताचंच आहे, तसं मी सांगितलं.

"माना तं तेवरा पन येत नाय," म्हणत त्या खुर्ची ओढून बसल्या.

मी शब्दकोश काढला. एकेका वाक्याला अर्धा अर्धा तास लागतो, आणि माझं शुद्ध मराठी ठमाबाई निम्म्याहून जास्त खोडायला लावतात. गेल्या आठवड्यात आम्ही तिला नदीपर्यंत आणलं.