पुन्हा बांधलेली गाठ

पुस्तकबांधणीच्या त्या कारखान्यात मावशीला पाठीमागे सगळे 'उसवमावशी' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. दुसऱ्याने शिवलेलं पुस्तक हातात आलं की ती त्याची पाठ चाचपायची, नाक मुरडायची आणि कात्रीच्या टोकाने टाके काढून पुन्हा स्वतः शिवायची. एकवीस वर्षं हेच. तिच्यासमोर बसून शिवणारा जाड्या म्हणायचा, "मावशी, बरं झालं माझं लग्न तुमच्या हाती लागलं नाही. तेही उसवून पुन्हा शिवलं असतंत!"

एक गोष्ट मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. मावशीला उंचीची भीती वाटे. साध्या स्टुलावरही ती कधी चढत नसे. वरच्या फळीवरचा पुठ्ठा ती काठीने ढकलून खाली पाडायची. कोपरे दुमडायचे, पण 'जरा काढून दे' एवढं तिच्या तोंडून निघत नसे.

एक मोठं काम वेळेत पुरं झालं, म्हणून मालकांनी सगळ्यांना डोंगरावर नेलं. सगळे म्हणजे मावशी, जाड्या आणि पुस्तकांना खळ लावणारी, सगळे जिला वहिनी म्हणत ती. "अगदी सोपी वाट आहे," मालक म्हणाले होते, आणि चढताना ती होतीही. उतरायच्या वेळी धुकं आलं. सोबत घेतलेला वाटाड्या पुढे जाऊन पाहून आला, तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. वाटेचा मधला तुकडा ढासळला होता. आता उजेड आहे तोवर मागच्या कड्यातल्या खाचेने उतरायचं, दुसरा इलाज नव्हता. खाच असेल तीन पुरुष खोल. तिचा तळ धुक्यात दिसतच नव्हता.

दोर एकच होता. एकाने तो कमरेला बांधून उतरायचं आणि वरच्यांनी झाडाच्या बुंध्याला वेढा घालून हळूहळू सोडायचा. कमरेची गाठ कशी मारायची ते वाटाड्याने जाड्याकडून तीनदा घोटून घेतलं आणि तो आधी उतरला.

"आता मावशी," जाड्या म्हणाला. "मागे राहिल्या तर आम्हालाच दोनदा उतरवतील."

कुणी हसलं नाही. त्याने मावशीच्या कमरेला गाठ मारली आणि तो मालकांबरोबर झाडापाशी गेला. मावशीने खाली पाहिलं. मग तिने गाठ पाहिली. बटाट्याएवढी, वेडीवाकडी. हिच्यावर जीव टाकायचा? तिने पाठ फिरवली, गाठ सोडली आणि आपली मारली. शेवटच्या टाक्यानंतर मारायची ती, चपटी, नीटस. एकवीस वर्षांत ती गाठ कधी सुटली नव्हती. पण ती बारीक सुती दोऱ्याची गाठ होती आणि हा दोर जाड, ओला, निसरडा होता.

अर्ध्या वाटेवर तिला कमरेशी काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. मोकळं राहिलेलं टोक अंगठ्याएवढंच उरलं होतं. पाय चार बोटांच्या खोबणीत, गाल गार दगडाला टेकलेला. ती श्वास घ्यायलाही भ्यायली. श्वासाने पोट फुगेल आणि उरलेलं टोकही निसटेल, असं वाटत होतं.

"मावशी, थांबलात का?" वरून वहिनीचा आवाज आला.

सांगावं तर चूक कबूल करावी लागणार. न सांगावं तर... टोक आणखी सरकलं.

"गाठ सुटतेय!" ती ओरडली. "मी... मी ती सोडून पुन्हा बांधली."

वहिनीने ते ओरडून झाडापाशी सांगितलं.

"दोर ताणू नका!" जाड्याचा आवाज. "मालक, आहे तसा धरा. मी दुसऱ्या टोकाला फास बांधतो. वहिनी, पालथ्या पडा आणि तो खाली सोडा."

फास तिच्या डोळ्यांसमोर येऊन झुलू लागला. तो काखेत घ्यायचा तर एक हात दगडावरून सोडायला हवा. हात सुटेना. बोटं जणू दगडाला शिवली होती.

"मावशी, उजवा पाय कुठे आहे ते मला दिसतंय," खालून वाटाड्या म्हणाला. "जरा डावीकडे. तिथे खोबण मोठी आहे."

"आणि मी धरलंय," वरून जाड्या म्हणाला. "या वेळी तपासू नका. घाला नुसतं."

तिने डोळे मिटले आणि हात सोडला. फास डोक्यावरून काखेत आला, मग दुसरा हात. तेवढ्यात कमरेचा दोर सळसळत निघून गेला. पाय सुटला. पण ती पडली नाही. दोर काखेत काचला आणि ती वीतवीतभर खाली जाऊ लागली. दोर सोडणाऱ्यांची धाप तिला ऐकू येत होती. खाली वाटाड्याने पाय धरले, तरी ती म्हणत राहिली, "सोडू नका, सोडू नका."

उजेड होता तोवर सगळे खाली पोचले. परतताना त्या गाठीबद्दल कुणी बोललं नाही, आणि ते तिला जास्तच लागलं.

सोमवारी जाड्याने शिवलेलं पुस्तक तिच्यापुढे आलं. तिने पाठ चाचपली. एक टाका सैल होता. कात्री उचलून तिने ती त्याच्यापुढे सरकवली.

"पानांच्या तिसऱ्या फर्म्याचा टाका सैल आहे. तूच बघ," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि तो वरचा पुठ्ठा जरा काढून दे. मला वर चढायची भीती वाटते."

जाड्या स्टुलावर चढला. स्टूल डुगडुगलं. मावशी धावली आणि तिने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तो खाली उतरेपर्यंत तिने ते सोडलं नाही.