हेडफोनमधला गंधार

बोंडअळीने कपाशीच्या पऱ्हाट्या मुळासकट उपटायला लावल्या, त्या सालांमधला एक हिवाळा. यवतमाळात आमच्या घरावरून जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या कमी झाल्या होत्या. तरी एखादी गेली, की तिच्यामागे चारदोन पुंजके हवेत राहत आणि दुपारभर खाली यायचं विसरून जात. बायको खिडकीपाशी बसून त्यांच्याकडे बघत असे.

ती गाणं शिकवायची. उमरखेडच्या एका शिलाई दुकानाची मालकीण लॅपटॉपवरून तिच्याकडे शिकत होती. मुलाने त्यासाठी बिनतारी हेडफोन पाठवले होते. खोक्यावर लिहिलं होतं, मैफिलीत बसल्यासारखं वाटेल. बायकोला विहिरीत बसल्यासारखं वाटत होतं.

"तुझा गंधार उतरतोय," ती शिष्येला सारखी म्हणे.

"मॅडम, मी तर बरोबर गाऊन राह्यली. कसम से!"

एका दुपारी शिकवणी अर्ध्यात थांबवून बायको उठली. "अहो, बोलणं कळतं, सूर कळत नाही. आईचंही असंच सुरू झालतं. उमरखेडवालीला दुसरी मॅडम शोधायला सांगते."

तिची आई शेवटी पूर्ण बहिरी झाली होती. कानाच्या डॉक्टरकडे जायलाही बायको तयार नव्हती. ठाऊक असलेलं पुन्हा कायले ऐकायचं, म्हणाली. त्यानंतर घर फार हळू चालू लागलं. तंबोऱ्याची पेटीही बंदच राहिली.

मला त्याच आठवड्यात कापसाच्या संकटावर भरलेल्या एका ऑनलाइन सभेचं निमंत्रण आलं. हेडफोन रिकामेच पडले होते, ते मी लावले. पडद्यावर दीपप्रज्वलन झालं, म्हणजे एकाने समई लावली आणि साठ जणांनी आपापल्या घरून टाळ्या वाजवल्या. मग प्रमुख पाहुण्यांचा परिचय सुरू झाला. आवाज इतका भरदार होता, की पाहुण्यांचं कर्तृत्व खरं वाटू लागलं. माझे डोळे मिटत होते. कापूस, समई आणि पाहुणे सगळेच संथ तरंगत होते.

"आता सर्वांनी क्रमाने माईक सुरू करून 'उपस्थित' म्हणावं," सूत्रसंचालक म्हणाले.

माझी पाळी आली. मी माईक सुरू केला आणि सूत्रसंचालक आवाजासकट विहिरीत पडले. बंद केला, वर आले. पुन्हा सुरू केला, पुन्हा पडले. हे मी गरजेपेक्षा जास्त वेळा केलं, हे कबूल आहे.

कापसाचं काय ठरलं ते मी ऐकलंच नाही. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शिरलो. तिथे आमच्या एकाच हेडफोनची दोन नावं होती, एक गाणी ऐकायचं, दुसरं फोनवर बोलायचं. हेडफोनचा माईक वापरला, की यंत्र गुपचूप दुसऱ्यावर जायचं आणि बोलण्यापुरता आवाज ठेवून बाकीचा टाकून द्यायचं. शिकवताना बायकोचा माईक कायम सुरू. मी माईक म्हणून लॅपटॉपचाच निवडला. ऐकायला हेडफोन तसेच ठेवले.

"एकदाच बस," मी तिला म्हटलं. कारण सांगितलं नाही. जमलं नसतं, तर काय सांगणार होतो?

उमरखेडला फोन केला, तंबोऱ्याची पेटी उघडली. शिष्या पडद्यावर आली, मागे शिलाई मशीन, मांडीवर तंबोरा. तिने षड्ज लावला. बायकोने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले आणि डोळे मिटले. लॅपटॉपचा माईक कुणालाच वगळत नव्हता. रस्त्यावरचा ऑटो आणि आमचा कुकर, दोघेही उमरखेडला पोचत होते. तिथला तंबोराही इथे येत असावा, कारण बायकोची मान हळूहळू हलू लागली. बाहेर एक पुंजका खिडकीच्या गजाला टेकला.

तान अर्ध्यावर असताना तिने डोळे उघडले.

"गंधार उतरला."

मी हातातला चष्मा खाली ठेवला. पलीकडे शिष्या हसत होती.

"मुद्दामच उतरवला, मॅडम. पाहून राह्यलती, तुम्हाला समजते का नाही ते."

"चहाटळ कुठली," बायको म्हणाली. "पुन्हा घे. षड्जापासून."