तीन सुरळ्या लोण्याच्या

आमच्या घरात लोणी आलं की त्याचं तूप होतं. या नियमाला आजवर एकदाच अपवाद करून पाहण्यात आला, आणि तो मी केला.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी अंबडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. वय चोवीस, लग्न व्हायचं होतं, आणि स्वतःच्या हुशारीबद्दल मनात काडीची शंका नव्हती. (ती नंतर आली. याच गोष्टीत येते.) त्या पावसाळ्यात कारखान्यात नवं मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता. एका संध्याकाळी मी ड्रॉइंगं घेऊन गेस्ट हाउसवर गेलो, तर साहेब व्हरांड्यात शेगडीपुढे मक्याची कणसं भाजत बसलेला. मला वाटलं, आता हा लिंबू-मीठ चोळणार. पण त्याने फ्रिजमधून कागदात गुंडाळलेली एक सुरळी आणली, सुरीने तिची रुपयाएवढी चकती कापली आणि गरमागरम कणसावर ठेवली. चकती चक्क हिरवी होती. ती वितळून दाण्यादाण्यांतून खाली उतरली आणि लसूण-कोथिंबिरीचा असा काही वास सुटला, की साहेबाने न विचारता अर्धं कणीस माझ्या हातात दिलं. माझं तोंडच तसं झालं असावं. ते कणीस मी दांड्यापर्यंत खाल्लं आणि ड्रॉइंगं दाखवायचं विसरून घरी आलो.

कृती त्याने अर्धी इंग्रजीत आणि अर्धी हातवाऱ्यांनी सांगितली होती. लोणी मऊ करायचं, त्यात आवडेल ते वाटून कालवायचं, कागदात घट्ट सुरळी वळायची आणि गार करायची. बस्स. आपली इतकी वर्षं लोण्याचं नुसतं तूप करण्यात फुकट गेली, याचं मला मनापासून वाईट वाटलं. येत्या रविवारी संध्याकाळी गच्चीवर शेगडी पेटवून ऑफिसातल्या दोस्तांना हा चमत्कार दाखवायचा, असं मी ठरवून टाकलं. प्रश्न होता फक्त लोण्याचा. आणि लोणी घरात आलेलंच होतं.

ते का आलं होतं, हे सांगायला हवं. माझी धाकटी बहीण सुषमा पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. मुलगा झाला होता. खरं तर सुषमाच्या सासूबाईंची इच्छा होती की बाळंतपण सटाण्याला, त्यांच्या डोळ्यांसमोर व्हावं. शहरातल्या बायका बाळंतिणीला चहा-बिस्किटावर उठवतात, असं त्यांचं ठाम मत होतं. शेवटी त्यांनी परवानगी दिली, पण अट घालून. बाराव्या दिवशी बारशाला त्या स्वतः येणार, सगळं बघणार, आणि मनासारखं दिसलं नाही तर सून आणि नातू त्याच गाडीने सटाण्याला. सव्वा महिना पुरा व्हायची वाट बघायची नाही. त्या दिवसापासून आईचा जीव टांगणीला लागला होता. पोरीला जेमतेम बाराव्या दिवशी उठवून नेलं, तर चार बायकांत काय तोंड दाखवायचं, हे ती आम्हाला दिवसातून तीनदा विचारायची.

म्हणून माझी आत्या कळवणहून मदतीला आली. येताना डिंकाच्या लाडवांच्या तुपासाठी घरच्या म्हशीचं लोणी घेऊन आली. पितळी डब्यात, गार पाण्यात तरंगणारे, मोसंबीएवढे नऊ गोळे. आमच्याकडे फ्रिज नव्हता. अख्ख्या इमारतीत एकच फ्रिज होता, वरच्या मजल्यावरच्या गांगुर्डे काकूंचा, आणि त्यात काकूंचं सोडून सगळ्यांचं सामान असे. डबा तिथे गेला.

गुरुवारी संध्याकाळी मी त्यातले तीन गोळे उचलले. चोरी म्हणू नका. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की रविवार कारंजावरच्या दुकानातून तेवढंच लोणी आणून ठेवणार होतो. आत्या तूप रविवारी पहाटे कढवेल, असा माझा हिशेब होता. गच्चीवर बसून मी एका गोळ्यात लसूण-कोथिंबीर कालवली, दुसऱ्यात हिरवी मिरची आणि लिंबू, आणि तिसऱ्यात (ही माझी स्वतःची भर, जर्मनीत हे सुचणं शक्य नव्हतं) आईचा काळा मसाला. सुरळ्या वळायला ऑफिसातला ट्रेसिंगचा कागद आणला होता. त्याला आम्ही बटर पेपरच म्हणायचो, त्यामुळे मला तो शुभशकुन वाटला. वर स्टेन्सिलने सुबक अक्षरांत नंबर घातले: एल-१, एल-२, एल-३. कोपऱ्यात तारीख टाकली, ‘तपासले’च्या पुढे सही केली आणि तिन्ही सुरळ्या गांगुर्डे काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवून दिल्या.

आत्याने तूप शुक्रवारीच कढवलं. मी ऑफिसात होतो. नंतर सगळ्यांकडून तुकड्यातुकड्यांनी जे कळलं, ते असं. आत्या डबा आणायला वर गेली, तिने गोळे मोजले, ते सहाच भरले. तिने आणलेले नऊ होते आणि आत्याची मोजणी कधी चुकत नसे. मग तिला शेजारी कागदातल्या तीन सुरळ्या हाताला लागल्या. दाबून बघितल्या, लोणीच होतं. नऊ झाले. ती समाधानाने खाली आली.

तुम्ही म्हणाल, लोणी हिरवं आहे हे तिला दिसलं नाही का? नाही दिसलं. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं आणि डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला काळाकुट्ट चष्मा होता. त्यातून तिला मीसुद्धा बरा दिसत असे. मग वास? घरात बाळंतीण होती. सकाळ-संध्याकाळ निखाऱ्यावर ओवा आणि लसणीच्या साली टाकून बाळाला आणि सुषमाला धुरी चालू होती. दहा दिवसांत आमचे कपडे, गाद्या आणि वडिलांचं वर्तमानपत्रसुद्धा लसणीच्या वासाचं झालं होतं. त्यात कढईतून आणखी थोडा आला, तर कोणाला कळणार? तूप गाळल्यावर बेरी इतकी काळी कशी, असं आईने विचारलं, तेव्हा विड्याचं पान जरा जास्त झालं असेल, असं म्हणून आत्याने विषय मिटवला. आणि चाखून बघायचा तर प्रश्नच नव्हता, कारण देवाचं आणि बाळंतिणीचं आधी चाखत नाहीत. संध्याकाळपर्यंत त्या तुपात डिंक तळून, खारीक-खोबरं आणि गूळ घालून चाळीस लाडू वळून झाले होते.

शनिवारी दुपारी मी विकतचं लोणी घेऊन गुपचूप काकूंच्या दारात उभा राहिलो. फ्रिज उघडला. सुरळ्या नव्हत्या, डबाही नव्हता.

“आत्याबाई कालच घेऊन गेल्या की,” काकू म्हणाल्या. “म्हणत होत्या, पोरगं लय गुणी हाय, लोणी कसं कागदात बांधून ठेवलंय.”

मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही. स्वयंपाकघरात कोणी नाही असं बघून डब्यातला एक लाडू तोंडात टाकला. आधी गूळ लागला आणि मला हायसं वाटलं. मग खोबरं आलं. मग लसूण आली. मग मिरची आली आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते पुसेपर्यंत काळा मसाला आला आणि बराच वेळ गेला नाही.

सरळ आईला जाऊन सांगायचं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. मी सुषमाच्या खोलीत गेलो आणि हळूच म्हणालो, की लाडू खाऊ नकोस, त्यात जरा गडबड झाली आहे.

“दादा, त्या लाडवांना हात लावलास तर बघ,” ती म्हणाली. “दहा-अकरा दिवस मला मऊ भात आणि फिकं वरण घालताहेत. काल पहिल्यांदा तोंडाला चव आली. मी तीन खाल्ले.”

बाळ शेजारी शांत झोपलं होतं. त्यामुळे मला थोडा धीर आला, पण सासूबाई काही दहा दिवस फिक्या वरणावर नव्हत्या. आता एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे लाडू संपवणं. मी पुन्हा डब्याशी बसलो आणि निग्रहाने चार खाल्ले. पाचव्याला आई मागे येऊन उभी राहिली. बाळंतिणीचे लाडू खाणारा भाऊ तिने आजवर ऐकलाही नव्हता, आणि तो तिच्याच पोटी निघाला होता. डबा कुलूप लावून कपाटात गेला. याचं लग्न लवकर उरका, असं आत्याने सुचवलं.

रविवारी सकाळी सासूबाई आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, आणि नजर मापाची. त्यांनी बाळाची टाळू बघितली, सुषमाचे कान नीट बांधलेत का बघितलं, खाटेखालची शेगडी बघितली. कशाला नाव ठेवायला जागा नव्हती. आईचा चेहरा हळूहळू सैल होत होता. पाळणा झाला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. मग आईने कपाटाचं कुलूप काढलं आणि चांदीच्या ताटलीत एक लाडू ठेवून सासूबाईंसमोर आली.

“मुंग्या लागल्यात त्याला,” मी मोठ्याने म्हणालो.

आई गोरीमोरी झाली. तिने ताटली उजेडात धरून लाडू सगळीकडून फिरवून पाहिला. मुंगी नव्हती. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, लाडू उचलला आणि मोठा घास घेतला.

त्या आमच्याशी नेहमी पुस्तकी मराठीत बोलायच्या. आता मात्र घास गिळून थेट घरच्या बोलीत म्हणाल्या, “हाई काय शे?”

आईच्या बारा दिवसांच्या जागरणाचं आणि राबण्याचं मातेरं होताना मी समोर बघत होतो, आणि मला खरंच स्वतःची लाज वाटली. इतकी की जर्मन साहेब, कणीस, तीन गोळे, सुरळ्या, सगळं मी एका दमात सांगून टाकलं. आईला आणि आत्याला यातलं काही माहीत नव्हतं, हे दोनदा सांगितलं.

सासूबाईंनी शांतपणे आणखी एक तुकडा मोडला. “लसूण आहे. दूध उतरायला आम्हीही देतो. लाडवात नाही देत, पण देतो. ही मिरची कसली?”

“एल-दोन,” मी म्हणालो.

“आई, मी रोज तीन खातेय,” सुषमा खोलीतून म्हणाली. “नेऊ नका ते.”

सासूबाई आधी खोलीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, आणि मग पदर तोंडाला लावून अशा हसल्या की ठसकाच लागला (त्यात मिरचीचाही हात असावा). आईने पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी आईचा हात धरून तिला शेजारी बसवलं. “विहीणबाई, मी खोट काढायलाच आले होते. सापडली, पण ती तुमच्यात नाही, तुमच्या मुलात आहे. सुषमा सव्वा महिना इथेच राहील. ह्याला तेवढा चुलीपासून लांब ठेवा.”

आई रडायला लागली, आणि चुलीजवळ उभ्या आत्याने काळा चष्मा काढून पहिल्यांदाच मला नीट पाहून घेतलं.

उरलेले लाडू बाळंतिणीला देणं शक्य नव्हतं, सुषमाने कितीही त्रागा केला तरी. सासूबाई म्हणाल्या, घरची म्हैस कालपरवाच व्यायली आहे, तिलाही गूळ-मसाला द्यावाच लागतो, डबा मी नेते. संध्याकाळी आलेल्या ऑफिसातल्या दोस्तांना गच्चीवर लिंबू-मीठ लावलेली कणसं मिळाली. कोणीही तक्रार केली नाही.

सव्वा महिन्याने सासूबाई सुषमाला न्यायला आल्या, तेव्हा त्यांनी डबा परत आणला. त्यात त्यांच्या म्हशीच्या लोण्याचे गोळे होते. लाडू म्हशीने चार दिवसांत संपवले, दूध वाढलं, आणि नंतर दोन दिवस ती साध्या पेंडीला तोंड लावेना, असं त्यांनी सांगितलं. गोठ्यात लागेल म्हणून कृती लिहून मागितली. मी ट्रेसिंगच्या कागदावर, स्टेन्सिलने, मापांसकट काढून दिली.

पुढे मी तीसेक वर्षं ड्राफ्ट्समनची नोकरी केली. माझी बहुतेक ड्रॉइंगं दुरुस्तीसाठी परत आली. पहिल्या फटक्यात पास झालेलं हे एकच, आणि ते पास केलं एका म्हशीने.