पानाखालचा जोहार
बटाटा चिरताना अजूनही मला शाईचा वास येतो. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याच्या पुढच्या वर्षी राजूरला आम्ही नातेवाइकांसाठी घरीच शुभेच्छापत्रं केली. बटाट्यात पिंपळपान कोरून आई निळे ठसे उमटवायची, मी काळ्या शाईने मजकूर लिहायची. खाणीतून थकून आलेले बाबा सवयीने म्हणाले, "शेवटी लिही, सगळ्यायले जोहार." सगळी पत्रं लिहून मी एक वाचून दाखवलं, तर वाचता न येणाऱ्या आईलाच ते खटकलं. "अवो, जोहार काहून? वाकून करायचा जोहार सोडला न आपण!" बाबा कपाळाला हात लावून बसले. दुसरे कागद नव्हते, म्हणून आईने प्रत्येक जोहारावर तो झाकेल असं एकेक दाट पान उमटवलं. त्यातलं एक पत्र माझ्याकडे उरलंय. निळं पान पार विटलं, खालचा जोहार पुन्हा वर आलाय, आणि बटाटा कसाबसा चिरला, तरी नवं पान कोरण्याइतकं बळ आता माझ्या हातात नाही.